आयएसडीएन लाइनची कुंडली

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. तो ऑफिसांमधली टेलिफोनची यंत्रणा बसवायचं काम करतो. परळच्या एका जुन्या ऑफिसात आयएसडीएन, म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइनवरचा मोडेम त्याच्या वाट्याला आला होता. "मामा, तारा दोनदा तपासल्या. दिवा हिरवा आहे. इथून बाहेर कॉल जातो, पण बाहेरून आलेला कॉल हा उचलतच नाही. मोडेम गेलाय बहुतेक."

"लाइनचा कागद आहे का?" मी विचारलं.

"कसला कागद?"

त्याच्या या प्रश्नावरून हा लेख लिहायला घेतला. साधा टेलिफोन सॉकेटमध्ये लावला की चालतो, त्याला काही सांगावं लागत नाही. आयएसडीएनचं तसं नाही. ही लाइन घेताना एक्स्चेंजमध्ये तुमच्या नावावर एक नोंद होते: वाहिन्या किती, नंबर कोणते, डेटा कॉलला परवानगी आहे का, मोडेमने कुठल्या बोलीत बोलायचं. मोडेमच्या सेटिंगमध्ये हीच माहिती आपण भरायची असते. दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या की काम दहा मिनिटांचं. एक रकाना चुकला तर दोन दिवस जातात, आणि दोष येतो बिचाऱ्या मोडेमवर. म्हणून मी खोका उघडायच्या आधी एक कोरा कागद घेतो आणि लाइनची कुंडली मांडतो. आज नव्या आयएसडीएन लाइनी फारशा कोणी घेत नाही, पण जुन्या ऑफिसांतून त्या अजून भेटतात, आणि भेटल्या की विचारायला जाणकार माणूस सापडत नाही.

आधी हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात. साध्या लाइनवर तुमचा आवाज विजेच्या लहरी होऊन तांब्याच्या दोन तारांवरून एक्स्चेंजला जातो. संगणकाला त्याच वाटेने जायचं तर आपले शून्य आणि एक आधी आवाजात बदलावे लागतात. डायल-अपच्या मोडेममधून जो चिरका आवाज यायचा तो हाच. आणि एक्स्चेंजमध्ये पोचल्यावर तो आवाज पुन्हा आकड्यांत बदलला जायचा, कारण डिजिटल एक्स्चेंज आवाजाची पातळी सेकंदाला ८,००० वेळा मोजतं आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहितं. ८ गुणिले ८,००० म्हणजे ६४,०००. आयएसडीएनच्या प्रत्येक माहितीपत्रकात दिसणारा ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट, हा आकडा इथून आला. एक्स्चेंजच्या आत आकडे, बाहेरच्या शेवटच्या दीड-दोन किलोमीटरवर मात्र आवाज, अशी स्थिती होती. आयएसडीएनने ते आकडेच थेट तुमच्या टेबलापर्यंत आणले, तेही जुन्याच तांब्याच्या जोडीवरून. १९८४ आणि १९८८ साली त्याचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले.

या लाइनचे दोन प्रकार. लहान ती बीआरआय: ६४ केबीपीएसच्या दोन बी वाहिन्या आणि १६ केबीपीएसची एक डी वाहिनी. बी वाहिनीवरून तुमचं बोलणं किंवा डेटा जातो. डी वाहिनीवरून निरोप जातात: कोण कोणाला फोन करतंय, कॉल कसला आहे, घेतला की नाही, का तुटला. मोठी ती पीआरआय: ३० बी वाहिन्या आणि ६४ केबीपीएसची डी वाहिनी, ताळमेळ राखणारी आणखी एक ६४ केबीपीएसची वाहिनी धरून एकूण २.०४८ एमबीपीएस. अमेरिकेत तिच्यात ३० ऐवजी २३ बी वाहिन्या असतात. तुमच्याकडे यातली कोणती आहे, हा कागदावरचा पहिला रकाना. दोन्हींना लागणारी यंत्रं वेगळी असतात, त्यामुळे बीआरआयचा मोडेम पीआरआयला लावता येत नाही.

काटेकोर बोलायचं तर आयएसडीएनच्या डब्याला मोडेम म्हणणं बरोबर नाही, कारण तो आकड्यांचा आवाज करत नाही. त्याचं नाव टर्मिनल अडॅप्टर. पण दुकानात, बिलावर, बोलण्यात सगळे मोडेमच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. त्यानंतरच्या वर्षांत मी प्रभादेवीच्या एका डीटीपीवाल्याकडे होतो. छापायची पानं आम्ही पुण्याच्या प्रेसला पाठवायचो. १० एमबीचं एक पान २८.८ केबीपीएसच्या मोडेमवरून जायला पाऊण तासाहून जास्त वेळ घ्यायचं, तेही लाइन मध्ये तुटली नाही तर. नाहीतर माणूस झिप डिस्क घेऊन दादरहून गाडी पकडायचा. आयएसडीएनच्या एका वाहिनीवर तेच पान एकवीस-बावीस मिनिटांत गेलं, दोन्ही वाहिन्या जोडल्यावर अकरा मिनिटांत. रात्री दहाला पान पोचलं की सगळे वेळेत घरी जाणार, एवढा त्याचा अर्थ होता.

कंपनीची तार कुठे संपते?

आता कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. एक्स्चेंजमधून निघालेली तारांची जोडी एमडीएफवरून, म्हणजे तिथल्या तारांच्या मुख्य चौकटीवरून, रस्त्यावरच्या पिलर नावाच्या पेटीतून, इमारतीच्या डीपीमध्ये, म्हणजे तारा वाटणाऱ्या डब्यात येते आणि तिथून तुमच्या खोलीत. खोलीत ती एका छोट्या डब्यात शिरते. त्याला एनटी म्हणतात. एनटीच्या एका अंगाला एक्स्चेंजकडून आलेल्या दोन तारा असतात, ती यू बाजू. दुसऱ्या अंगाला चार तारा निघतात, ती एस बाजू. मोडेम लागतो तो एस बाजूला, आणि तिथे एकावर एक अशी आठ यंत्रंही लावता येतात.

भारतात आणि युरोपात एनटी हा टेलिफोन कंपनीचा असतो. अमेरिकेत तो ग्राहकाने आणायचा, म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मोडेमच्या पोटातच एनटी असायचा आणि मागे यू बाजूचं सॉकेट. आमच्या ऑफिसात पहिला मोडेम मालकांच्या मेव्हण्यांनी न्यू जर्सीहून आणला. महागाची वस्तू, सगळे भोवती जमलेले. तो एनटीच्या एस सॉकेटला लावला, कारण पिन तिथे बसत होती. काहीच झालं नाही. तारा बदलल्या, पिन बदलली, लाइनमनला बोलावलं. ते देवगडचे, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. त्यांनी मोडेम उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ह्येच्या पाठी यू लिवलाहा. आमची लाइन हय एस देता. ह्यो हयलो न्हय." तीन दिवसांचा प्रश्न मोडेमच्या पाठीवरच्या एका अक्षरात होता. तेव्हापासून मोडेम विकत घेण्याआधी मी मागचं सॉकेट कुठल्या बाजूचं आहे ते विचारतो. पिन बसते एवढ्यावर विश्वास ठेवत नाही.

यू बाजूच्या तारांबद्दल मुंबईत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. आपल्या घरांत पॅरलल फार. हॉलमधल्या फोनवरून एक तार आतल्या खोलीत, एक गाळ्याच्या माळ्यावर, एक शेजारच्या भावाच्या घरी. साध्या फोनला ते चालून जातं. आयएसडीएनच्या यू बाजूला अशी लोंबती फांदी असली की सिग्नल तिच्या टोकाला जाऊन परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. मग दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. म्हणून जुनीच जोडी आयएसडीएनला दिली असेल तर डीपीपासून एनटीपर्यंत ती सलग आहे, तिला कुठेही पॅरलल नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्या. डीपीमधला पेअर नंबर, म्हणजे आपल्या जोडीचा क्रमांकही कागदावर लिहा. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं आणि तक्रार द्यायची वेळ आली की लाइनमनला हाच नंबर हवा असतो. एक्स्चेंजपासूनचं अंतरही विचारून ठेवा. चांगल्या तारेवर पाच-साडेपाच किलोमीटरपर्यंत बीआरआय चालते. मुंबईत एक्स्चेंजं जवळजवळ असल्यामुळे अंतर क्वचितच आड येतं, जुना गंजलेला जॉइंट मात्र नेहमी येतो.

एस बाजूचं थोडक्यात: चार तारांची ती माळ जिथे संपते तिथे १०० ओहमचे रोधक लागतात. काही एनटीत आणि मोडेममध्ये ते आतच असतात आणि एका छोट्या खटक्याने चालू-बंद होतात. खटका कुठल्या स्थितीत आहे ते लिहून ठेवा.

आणि वीज. साधा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालतो, घरातली वीज गेली तरी तो जिवंत असतो. एनटी आणि मोडेमला मात्र घरची वीज लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांत कितीतरी ठिकाणी वीज गेली, तेव्हा कोणता फोन कशावर चालतो हे जाणणं किती गरजेचं आहे ते आम्हाला कळलं. काही एनटी वीज गेल्यावर एक्स्चेंजकडून येणाऱ्या थोड्या विजेवर एखादा फोन चालू ठेवतात. तुमचा ठेवतो का, ते आधीच विचारा. दवाखाना असेल तर हा प्रश्न सगळ्यात वर घ्या.

बोली आणि नंबर

मोडेमचा मेनू उघडला की पहिल्या काही ओळींत "स्विच टाइप" विचारतात. इथे बरेच जण एक्स्चेंजच्या यंत्राचं नाव शोधत बसतात. सीमेन्सचं आहे का, अल्काटेलचं, एटी अँड टीचं? नाव कळलं तरी प्रश्न सुटत नाही, कारण डी वाहिनीवर निरोपांची बोली कोणती ते यंत्राच्या कंपनीवरून ठरत नाही. एकच यंत्र एका देशात एक बोली बोलतं, दुसऱ्या देशात दुसरी. भारतात युरोपची बोली आहे. तिला यूरो-आयएसडीएन म्हणतात, कुठे डीएसएस-१ लिहितात. काही यंत्रांत बीआरआयसाठी नेट-३ आणि पीआरआयसाठी नेट-५ अशी नावं दिसतात. चारही नावं एकाच कुळातली. अमेरिकेतून आलेल्या मोडेममध्ये एनआय-१, ५ईएसएस, डीएमएस-१०० असे पर्याय वर असतात आणि यूरो शेवटी कुठेतरी. तो मुळातच नसेल तर तो मोडेम इथे उपयोगाचा नाही.

अशाच मोडेमच्या पुस्तिकेत स्पिड नावाचा क्रमांक मागतात. अमेरिकेत तो सहसा प्रत्येक बी वाहिनीला लागायचा: दहा आकडी टेलिफोन नंबर आणि पुढे ०१०१ सारखं शेपूट. इथे स्पिड नसतो. त्यासाठी एक्स्चेंजला फोन करून समोरच्या माणसाला अडचणीत टाकू नका. रकाना कोरा सोडा.

आपल्याकडे त्या जागी असतो एमएसएन. एका बीआरआय लाइनवर एकाहून जास्त नंबर घेता येतात: एक फॅक्सचा, एक मोडेमचा, एक बोलण्याचा. बाहेरून कॉल आला की एक्स्चेंज डी वाहिनीवरून सगळ्या यंत्रांना एकदमच हाक मारतं, "अमुक नंबरचा कॉल आहे." ज्याच्या सेटिंगमध्ये तो नंबर आहे तो उत्तर देतो, बाकीचे गप्प बसतात. चाळीतल्या सामाईक फोनसारखंच हे. गॅलरीतून हाक येते आणि ज्याचं नाव घेतलं तोच धावतो.

पण हाक कशी येते ते महत्त्वाचं. माणसाला "वसंतराव" म्हटलं काय, "वसंता" म्हटलं काय, कळतं. मोडेमला कळत नाही. तो आकडा-आकडा जुळवून पाहतो. मुंबईचे नंबर आधी सात आकडी होते, नंतर पुढे २ लागून आठ आकडी झाले. एक्स्चेंज हाक मारताना आठही आकडे देतं, ०२२ सकट देतं, की शेवटचे तीन-चारच देतं, हे त्या लाइनच्या नोंदीवर अवलंबून असतं. म्हणून कागदावर "नंबर कोणता" एवढं लिहून भागत नाही, "किती आकडे पोचतात" हाही रकाना हवा. हे कळायची सोपी युक्ती आहे. मोडेममधला नंबर पुसून टाका. रकाना कोरा असला की बहुतेक मोडेम येणारा प्रत्येक कॉल आपला मानतात. मग मोबाइलवरून फोन लावा आणि मोडेमच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, कोणते आकडे आले ते वाचा. तेच आकडे, तेवढेच, रकान्यात भरा.

याच ठिकाणी आणखी एक प्रश्न विचारायचा: लाइन पॉइंट-टू-पॉइंट आहे की मल्टिपॉइंट? पहिल्या प्रकारात एनटीला एकच यंत्र लागतं, सहसा ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं स्वतःचं छोटं एक्स्चेंज, आणि त्याचा टीईआय नावाचा ओळख क्रमांक ठरलेला असतो, बहुधा शून्य. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक यंत्राला हा क्रमांक एक्स्चेंज आपणहून देतं, ६४ ते १२६ मधला. मोडेमला सहसा दुसरा प्रकार लागतो. लाइन आधी ईपीएबीएक्सला होती आणि आता मोडेमला लावायची आहे, असं असेल तर हा बदल एक्स्चेंजमधूनच करून घ्यावा लागतो, तुमच्या टेबलावरून होत नाही.

परवानगी, पलीकडचं टोक आणि बिल

आयएसडीएनवर कॉल लावताना तो बोलण्याचा आहे की डेटाचा, हे सुरुवातीलाच सांगावं लागतं. लाइनला डेटाची परवानगी नसेल तर बोलणं स्वच्छ ऐकू येतं आणि मोडेम मात्र तत्क्षणी नाकारला जातो. एसटीडीचं कुलूप लावलेलं असलं तरी तसंच: मुंबईतला कॉल लागतो, पुण्याचा नाही. अमेरिकेत कॉल करायचा असेल तर तिथल्या काही जुन्या मार्गांवर वाहिनी ५६ केबीपीएसची असायची, म्हणून मोडेममध्ये वेगही ५६ ठेवावा लागायचा. दोन्हीकडे वेगळा वेग असला की कॉल जोडला जातो पण डेटा कचरा होऊन येतो.

पलीकडच्या टोकाची माहिती, म्हणजे इंटरनेट कंपनीची किंवा तुमच्याच पुण्याच्या ऑफिसची, वेगळ्या चौकटीत लिहा: लावायचा नंबर, युजरनेम, पासवर्ड, ओळख पटवायची पद्धत पॅप की चॅप, आयपी पत्ता ठरलेला की दर वेळी नवा, आणि मल्टिलिंक चालतं का. मल्टिलिंक म्हणजे दोन्ही बी वाहिन्या एकत्र बांधून १२८ केबीपीएस मिळवणं. ते दोन्ही टोकांना चालू हवं.

आणि इथेच बिलाचा मुद्दा येतो. १२८ म्हणजे एक मोठा कॉल नाही, दोन वेगळे कॉल. दोन्हींचं मीटर वेगळं पळतं. शिवाय मोडेम "लागेल तेव्हा आपणहून डायल कर" या सेटिंगवर ठेवला तर संगणक रात्री कोणी नसतानाही नेटवर्कवर शेजाऱ्यांची विचारपूस करत राहतात, आणि त्या प्रत्येक विचारपुशीला मोडेम कॉल लावतो. एका ऑफिसात असा महिनाभर रात्रीचा खर्च झाला आणि ठपका आला रात्रपाळीच्या शिपायावर. तो माणूस फोनला हातही लावत नव्हता. लॉग काढून दाखवला तेव्हा त्याची सुटका झाली. दर मिनिटाचा हिशेब, किती वेळ शांतता असली की कॉल तोडायचा ती मर्यादा, आणि कुठल्या कारणासाठी डायल करायचं नाही ती यादी, हे तीन रकाने मी त्या प्रसंगानंतर कागदावर कायमचे घेतले.

पीआरआय असेल तर आणखी दोन गोष्टी लिहाव्या लागतात: सीआरसी-४ ही लाइनवरच्या चुका पकडणारी तपासणी चालू आहे की बंद, आणि नंबरांची पूर्ण मालिका. सीआरसी-४ एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद राहिली की तार उत्तम असूनही अलार्म वाजत राहतो.

ही माहिती मिळते कुठून, हा प्रश्न हमखास येतो. नंबर आणि लाइनचा प्रकार डिमांड नोटवर, म्हणजे लाइन घेताना कंपनीने पैसे भरायला दिलेल्या कागदावर, आणि बिलावर असतो. डीपी, पेअर, एनटी हे लाइनमनला ठाऊक असतं. पॉइंट-टू-पॉइंट, डेटाची परवानगी, किती आकडे पोचतात, हे फक्त एक्स्चेंजच्या आत बसणाऱ्या माणसाला संगणकावर दिसतं. तिघांना तिघांचेच प्रश्न विचारा. लाइनमनला स्विचच्या सेटिंगबद्दल छळून उपयोग नाही, आणि आतल्या माणसाला तुमच्या डीपीचं कुलूप कुठे आहे ते माहीत नसतं.

सगळं भरल्यावर कॉल तुटलाच तर मोडेमच्या लॉगमध्ये कारणाचा आकडा पाहा. हे आकडे जगभर सारखे आहेत. १ म्हणजे असा नंबरच नाही. १६ म्हणजे कॉल रीतसर संपला. १७ म्हणजे समोरचा बिझी. १८ म्हणजे हाक मारली पण कोणी ओ दिली नाही. ५७ म्हणजे या प्रकारच्या कॉलची तुम्हाला परवानगी नाही. ८८ म्हणजे समोरचं यंत्र या प्रकारचा कॉल घेऊच शकत नाही. तक्रार देताना "चालत नाही" असं न सांगता "५७ येतंय" असं सांगितलं की आतला माणूस लगेच कामाला लागतो.

भाच्याला मी फोनवरच रकाना कोरा करायला लावला आणि माझ्या मोबाइलवरून परळचा नंबर फिरवला. मोडेमने पहिल्या रिंगला कॉल घेतला.

"किती आकडे आले?" मी विचारलं.

"आठ. आणि इथे कोणीतरी ०२२ सकट भरलेत, मामा."

"मग ०२२ काढ, आणि आठ पोचतात असं कागदावर लिही. कागद एनटीच्या मागे चिकटव."